सेल्वी काय म्हणाली

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोशी नाही, मुलांशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला लिहिता येतंय.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तंजावूरमधल्या एका संस्थेनं परदेशी मदतीवर क्षयरोगाची पाहणी काढली होती — कावेरीच्या मुखाजवळच्या तीन बेटांवर, जिथं फक्त कोळी राहतात आणि डॉक्टर कधी जात नाही. जीप, होड्या, थुंकीच्या नमुन्यांसाठी बर्फ, माणसांचं जेवण, सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. नोकरी कंत्राटी. खर्च अंदाजपत्रकात बसवलात तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते.

पाहणीच्या डॉक्टर सुमतीताई पुण्याच्या. तमिळ अजिबात येत नसे. मी मराठी बोलतो हे कळलं तेव्हा त्यांचे डोळेच भरून आले. पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या आमच्या घरची मराठी ऐकून हसायच्या — "किती जुनं बोलता हो तुम्ही!" ही देवनागरीसुद्धा मला त्यांनीच शिकवली. बेटावरचं कुणी काही बोललं, की त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी सांगेन ते खरं.

तिसरं बेट लांब होतं. माणसं-सामान घेऊन लहान होडी तिथं जात नाही, आणि डिझेल महागल्यावर लाँचवाल्यानं भाडं वाढवलं. मी आधी एकदा कोळ्यांच्या नावेतून जाऊन आलो होतो. सेल्वी नावाच्या बाईनं — तिचा नवरा खोकत असायचा — घरोघर फिरून सगळ्यांना तपासणीसाठी तयार केलं होतं. दिवसही ठरला होता.

लाँच मी ठरवलीच नाही. सुमतीताईंना म्हणालो, तिथली माणसं नको म्हणतात. एवढंच. — एवढंच का?

नाही. सेल्वी तंजावूरला आली. बस बदलत, विचारत विचारत, थेट ऑफिसात. आमच्या तमिळ नर्सबाई त्या दिवशी बेटांवर गेलेल्या. आत फक्त सुमतीताई आणि मी. सेल्वी त्यांनाच तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, आम्ही जाळी न टाकता वाळूवर बसून राहिलो. लाँच का नाही आली? कधी येणार?"

"काय म्हणतायत?" सुमतीताईंनी मला विचारलं.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता, नाही का? मी मराठीत म्हणालो, "गाव घाबरलंय, ताई. तपासणी नको म्हणतात. ही माफी मागायला आलीय."

सुमतीताई उठल्या. तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "सांगा तिला, मी रागावले नाही."

ते मी तमिळमध्ये सांगितलं — "डॉक्टरम्मा म्हणतात, पुढच्या महिन्यात नक्की येऊ."

सेल्वी रडता रडता हसली. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. आणि मी? मी चहा मागवला.

मी कायम झालो. पाहणी झालेल्या दोन बेटांवर औषधांची होडी जायला लागली. तिसऱ्यावर नाही.

वर्ष उलटल्यावर सेल्वी सरकारी इस्पितळात दिसली. खाटेवर नवरा — ओळखू येऊ नये इतका वाळलेला. शेजारच्या बेटावरच्यांनी तिला विचारलं होतं, तपासणी तुम्हीच नको म्हणालात ना? तिनं आवाज चढवला नाही. "अण्णा, त्या दिवशी डॉक्टरम्मांना तुम्ही काय सांगितलंत?"

मी म्हणालो, "तू म्हणालीस तेच."

ती पाठ फिरवून नवऱ्याला पाणी पाजायला लागली.

तो त्याच आठवड्यात गेला. सुमतीताई तोवर पुण्याला परतल्या होत्या. त्यांचा पत्ता माझ्याकडे होता. मी कळवलं नाही. तिसऱ्या बेटावर खोकणारा तो एकटाच नव्हता — तेही मला माहीत होतं.