आतोबांचा चुकलेला ठेका

माझ्या आतोबांइतकं चुकीचं वाजवणारा माणूस सबंध निजामाच्या राज्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्यासारखा शिकवणाराही. आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणायचो, बाकी पूर्णा जंक्शन त्यांना मास्टर म्हणायचं. खरं तर ते स्टेशनात तारबाबू होते. मी तिथेच तिकिटखिडकीवर नोकरीला लागलो आणि आत्याच्या घरी उतरलो, तो माझं लग्न होईपर्यंत हललो नाही.

ड्यूटी सुटली की आतोबांच्या ओट्यावर देशोदेशीची गाणी शिकवली जायची. फिडल त्यांनी रेल्वेच्या गोवेकर गार्डाकडून उचललं होतं, रबाब हिंग विकायला येणाऱ्या काबुल्याकडून, आणि डफावरचा मरफा, म्हणजे अरबांच्या लग्नात वाजतो तो ठेका, रुळांपलीकडच्या गल्लीतल्या चाऊसकडून. चाऊसचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले होते. तो स्वतः मालधक्क्यावर पहारा करायचा आणि परभणीच्या पुढे कधी गेला नव्हता. पण डफ हातात घेतला की त्याच्या आजोबांचा मुलूख आमच्या ओट्यावर येऊन बसायचा.

शिकवणी फुकट होती, अट मात्र कडक. "ज्याचं गाणं शिकायचं, आदी त्याच्या घरचं पाणी पिऊन ये," असं ते प्रत्येक नव्या शागिर्दाला सांगायचे. त्या काळात ही अट म्हणजे चेष्टा नव्हती. मानवतच्या जिनिंगमधला एक मुनीम फिडलसाठी गाडीने यायचा, गार्डाच्या दारापर्यंत जायचा, घसा साफ करायचा आणि परत फिरायचा. शेवटी त्याने पेटी शिकायची ठरवली, कारण पेटीवाले बुवा त्याच्याच जातीचे होते. आत्याने आतोबांचा तांब्या वेगळा काढून ठेवला होता. "तुमच्या पोटात कुटकुटलं पाणी हाय ते एक देवालाच ठाऊक," असं ती म्हणायची, आणि त्याच तांब्यात रोज वाळा घालून ठेवायची.

शिकवण्याची रीत तर साफ उलटी. शागिर्दाला त्याची चूक कधी सांगायची नाही. चीज आधी नीट वाजवून दाखवायची, मग एका जागी मुद्दाम चुकवायची, आणि तशीच चुकवत राहायची, समोरच्याला असह्य होऊन तो तोंड उघडेपर्यंत. "बरोबर तर पोपट बी बोलतंय," ते म्हणायचे. "चूक खुपली पायजे." मीही हौसेने फिडल शिकायला बसलो. आतोबा गार्डाकडून उचललेली नाचाची एक चाल चुकवत राहिले आणि मी मान डोलवत राहिलो. मला ती चाल तशीच फार आवडली होती. संध्याकाळ सरली तेव्हा त्यांनी फिडल पेटीत ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "तू तिकिटंच दे."

चाऊसचं याच्या उलट. शागिर्दांपुढे आतोबा मरफा चुकवू लागले की ते मुद्दाम आहे हे ठाऊक असूनही त्याला सोसायचं नाही. "नक्को मास्टर, नक्को," म्हणत तो योग्य जागी ओट्यावर थाप मारायचा. आतोबा खूश होऊन पुन्हा चुकवायचे.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष वाईट गेलं. रझाकारांच्या भीतीने आमच्या गल्लीची दारं दिवे लागायच्या आत बंद होऊ लागली. त्याच दिवसांत चाऊस रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायला लागला. "मेरे कू भी सिखाव मास्टर, तुमारा भजन," म्हणाला. त्याचा गळा भजनाचा नव्हता, कशाचाच नव्हता. इंजिनाने वाफ सोडावी तसा तो विठ्ठलाला हाक मारायचा, पहाऱ्याची काठी मांडीवर आडवी ठेवून. ती काठी पाहून आमच्या दाराकडे कुणी वळलं नाही. भजनाची एक ओळही त्याला शेवटपर्यंत आली नाही.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. आम्ही साखर वाटली. मग खेड्यापाड्यांतून सूडाच्या ज्या बातम्या येऊ लागल्या त्या साखरेसारख्या नव्हत्या. आता चाऊसच्या गल्लीची दारं बंद झाली. तो धक्क्यावर दिसेना. कुणी म्हणे पळाला, कुणी त्याहून वाईट सांगे. आतोबा जाऊन दार वाजवून, हाका मारून आले. आतून हूं की चूं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी डफ काढला आणि मला म्हणाले, "चल." मी घाबरलो होतो, तरी गेलो. चाऊसच्या पायरीवर मांडी घालून त्यांनी मरफा धरला. आधी नीट वाजवला, मग नेहमीच्या जागी चुकवला. पुन्हा चुकवला. कोपऱ्यावर माणसं जमली. त्यांतला एक ओळखीचा पुढे येऊन म्हणाला, "कुणासाठी वाजवायलाव मास्टर? इथं कोन हाय आता?"

"शिकायला आलोय," आतोबा म्हणाले आणि परत चुकले.

तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला थाप पडली, अगदी त्या जागी. आतोबांनी ठेका सोडला नाही. पुढची थाप जोरात आली. मग कडी सरकली आणि वीतभर फटीत चाऊसचा दाढी वाढलेला चेहरा दिसला. "इत्ते बरसां हो गये मास्टर," तो म्हणाला, "अब्बी उधरीच चूकते?"

"पाणी दे आदी," आतोबा म्हणाले.

फटीतून भांडं आलं. आतोबा कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि सगळ्यांना दिसेल असे सावकाश प्यायले. उरलेलं माझ्या हातात दिलं. मी प्यालो. थोड्या वेळाने माणसं एकेक करून निघून गेली. त्या दिवसापासून आतोबा रोज संध्याकाळी डफ घेऊन त्या पायरीवर बसू लागले, आणि चाऊस पुन्हा धक्क्यावर जायला लागेपर्यंत बसत राहिले.

पुढे मुलांच्या आग्रहाने चाऊस हैदराबादेला गेला. डफ आतोबांकडेच राहिला. आता दोघंही नाहीत. मध्यंतरी परभणीत एका लग्नाच्या वरातीत मरफा वाजत होता. पोरं तयारीची होती. ती जागा जवळ आली तसा मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि वाट पाहिली. पोरांनी ती बरोबर वाजवली, आणि मला भर रस्त्यात रडू आलं.