ज्येष्ठतेने मिळालेली परदेशवारी

आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजात काहीही वाटायचं असलं की ज्येष्ठतेची यादी निघते. पंख्याखालची खुर्चीसुद्धा यादी बघून मिळते. त्यामुळे एका परदेशी विद्यापीठाने तीन महिन्यांसाठी मोडी कागदपत्रं शिकवणारा पाहुणा व्याख्याता बोलावला, खर्चासाठी ग्रँट देऊ केली, तेव्हाही प्राचार्यांनी यादीच उघडली.

मोडी वाचता येणारी कॉलेजात मी एकटी. लहानपणी दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी वडील रोज एक पान वाचून घ्यायचे, तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. या ग्रँटला वयाची अट होती पंचावन्नची, आणि मला पंचावन्न पुरी व्हायला चारच महिने उरले होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

यादीत माझ्या वर आमचे विभागप्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण नोकरीला सहा महिने आधी लागलेले. मोडीचं पान उलटं धरून दिलं तरी गंभीरपणे मान डोलावतील. "मैडम, अगली बार आपका ही नंबर है," त्यांनी मला दिलासा दिला.

घरी नवरा तडकला. "अगं, तू भांडली का नाही? इतकं क्या डरायचं त्यांना?" भांडले असते तर कजाग ठरले असते. गप्प बसले, म्हणून समजूतदार ठरले. त्या समजूतदारपणाची मला आजही लाज वाटते.

महाराज बाड्याच्या बाजारातून डबे भरभरून तिळाची गजक घेऊन सर विमानात बसले. बॅगेत माझी बारा व्याख्यानं होती, इंग्रजीत, मीच टाइप केलेली. तिथे ती त्यांनी खड्या आवाजात वाचली म्हणे. कुणी शंका विचारली की, "मूळ कागद बघून भारतातून कळवतो," असं बाणेदार उत्तर द्यायचे. अभ्यासकाच्या या काटेकोरपणावर तिकडची मंडळी बेहद्द खूश झाली.

सर परतले, तोवर माझी पंचावन्न उलटली होती. मग शंकांच्या मेल येऊ लागल्या आणि सर त्या मुकाट्याने माझ्याकडे ढकलू लागले. पहिल्याच मेलला मी दोन दिवस बसून सविस्तर उत्तर लिहिलं आणि या वेळी धीर करून खाली स्वतःचं नाव घातलं.

तिकडच्या विद्यार्थिनीचा लगेच जवाब आला. फार मदत झाली, म्हणाली. आणि शेवटी अगदी नम्रपणे विचारलं होतं, "आपण सरांच्या विद्यार्थिनी का?"