बांधावरचे शेंदरी ठिपके

निजामाच्या अमलातली गोष्ट. चौसाळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव होतं. त्या साली पावसाळा संपताच बुळकांडी आली आणि गोठ्यागोठ्यातून बैल मरू लागले. त्याच सुमारास बांधावरच्या दगडांवरचे शेंदरी ठिपके लोकांच्या नजरेत भरले. ते आधीही असतील. कोणी पाहिले नव्हते.

करणी करणारा दगडाला शेंदूर फासतो, असा समज होता. माझी आई विधवा. ती शेळ्या राखायची आणि याच बांधांवर बसायची. आमच्या शेळ्या जिवंत होत्या. तेवढं पुरलं.

चावडीपुढे गाव जमलं. पाटलांनी तसला एक दगड आणवला होता. तेलानं घासून बोट रंगलं, तर आम्ही मायलेकरांनी गाव सोडायचं असं ठरलं. जायचं कुठं, ते कोणी सांगितलं नाही. मी आईचा पदर धरला होता.

पाटलांनी तेलाचं बोट घासलं. ते पिवळसर झालं.

"निघाला का न्हाई शेंदूर?" मागून एक जण ओरडला. "आता कुनाचा बैल खातीस गं?"

"आरं, शेंदूर कुठला? ह्ये तर हळदीवानी हाय," शेजारचा म्हणाला.

"मंग हळदीची करणी आसंल बे!"

लोक हसले. त्या हसण्यातच आई आवाज चढवून बोलली, "पाटील, वर बघा. तुमच्या गढीच्या भिताडावर बी हाईत की. पारवे बसत्यात तिथं. तिथं मी कवा चढले व्हते?"

सगळ्यांनी वर पाहिलं. पारव्यांच्या कोनाड्याखाली भाकरीएवढा शेंदरी डाग होता. हसणं थांबलं. पाटलांनी धोतराला बोट पुसलं. "घरी जा," ते म्हणाले.

पुढे वाचनात आलं, की हे ठिपके म्हणजे दगडावर वाढणारा, मसाल्यातल्या दगडफुलाचाच एक भाऊबंद. पाखरांची शीट पडते त्या उघड्या दगडावर तो जास्त धरतो. तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गढीवर गडी चढवले. भिंत खरवडून तिला चुना दिला. दुपारपर्यंत ती पांढरीफेक झाली. आई शेळ्या घेऊन निघाली होती. भिंत पाहून ती परत फिरली. आता ठिपके फक्त बांधावर उरले होते, आणि बुळकांडी गावातच होती.

खुरपं घेऊन ती बांधावर गेली. दगड खरवडताना कोणी पाहिलं असतं, तर तेही करणीच ठरलं असतं. ती खरवडत राहिली. मी वाटेकडे बघत उभा होतो. ठिपके पुरते निघत नव्हते.