बराक रिकामी करण्याची शिफारस

तुळईच्या टोकात मी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी शिडीवर होते. खाली दहा-बारा कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे अशी माणसं, माना वर करून बघत होती.  

मी सरकारी बांधकाम खात्यातली इंजिनिअर. तालुक्याचं हे सब-जेल जुनं. दगडी भिंती, लाकडी तुळया, वर कौलं. तुळईचं जे टोक भिंतीत बसतं तेच ओल धरतं आणि नेमकं तेच दिसत नाही. नव्या जेलचा प्रस्ताव मी नोकरीला लागायच्या आधीपासून फिरत होता. सारोळ्याकडची जागा पूररेषेत निघाली. गायरानातली जागा ग्रामसभेनं नाकारली. गावात जेल आलं तर पोरींना स्थळं कुठून यायची, ही त्यांची भीती. तिसरी जागा मिळाली, पण एस्टिमेट वर पोचेपर्यंत नवे दर लागायचे आणि 'सुधारून सादर करा' म्हणून फाईल पुन्हा माझ्या टेबलावर.

शिडी आवरत होते तेव्हा धोंडिबा जवळ आला. डोंगरावरच्या एका वाडीतला मेंढपाळ. चराईवरून मारामारी झाली, त्यात आत आलेला.

"म्याडम, लई वंगाळ झालंय का?"

"हो. हा पावसाळा काढणार नाही."

"मंग तसं लिवू नका."

"का?" मी विचारलं.

"लिवलं की आमाला पुण्याला धाडत्यात. तिथनं तारखेला आणायला पोलीस गावत न्हाईत. तारीख हुकली की जामीन लांबला. हितं बायको दोन एस.टी. बदलून का हुईना, येती तरी."

"आणि अंगावर पडली तर?"

"आमी भिंतीकडंला निजतो. तुमी फकस्त लिवू नका."

कुजलेलं टोक भिंतीकडेच होतं. मी त्याला तेही सांगितलं. त्यानं एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "मंग मधी निजतो."

ऑफिसात साहेब म्हणाले, "टेकू द्या आणि 'तूर्त सुरक्षित' लिहा."

"टेकूला खाली घट्ट जमीन लागते, सर. तिथली फरशी पोकळ वाजते."

"मग काय लिहिणार?"

"धोकादायक. बराक रिकामी करा."

"बघा बुवा. सही तुमची."

ते दिवस मी फार घाबरून काढले.  इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. इथे आड आणि विहीर दोन्ही धोंडिबाच्या वाट्याला होती आणि ढकलायचं मला होतं. शेवटी 'धोकादायक' लिहिलं. कैदी पुण्याला गेले. व्हॅनमध्ये चढताना धोंडिबानं माझ्याकडे पाहिलं नाही.

ऐन पावसाळ्यात तुळई पडली. भिंतीकडची कौलं तर पडलीच, मधलीही पडली.  खरं सांगते, तो ढीग बघून वाटलं, आता तरी नवं जेल मंजूर होईल. फोटो लावून फाईल वर पाठवली. उत्तर लवकर आलं: सदर कारागृहात सद्यःस्थितीत एकही बंदी नाही, सबब नवीन बांधकामाची निकड दिसून येत नाही.

कोर्टाची गळती बघायला गेले तेव्हा आवारात एक बाई शिपायाला धोंडिबाचं विचारत होती; त्याची बायको. त्या दिवशी तारीख होती, पण पोलीस मिळाले नाहीत म्हणून त्याला आणलंच नव्हतं. तिच्या हातात भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "छप्पर पडलं हो. ते तिथे असते तर वाचले नसते."

"व्हय, समदी तेच सांगत्यात," ती म्हणाली. "वाचला ते चांगलंच झालं. पर आमाला कवा दिसायचा?"



सरकारदरबारी जेलची गरज आत माणसं असेपर्यंतच असते. त्यांना वाचवलं की गरजही संपते. म्हणून हल्ली कुठलीही बराक धोकादायक ठरवताना मी खाली एक ओळ जोडते, 'येथील बंद्यांना कोठे ठेवणार व तारखेस कसे आणणार, ते आधी कळवावे.' आजवर कुणी कळवलेलं नाही.