वाळूत वतलेली घागर

त्या दिशी मोटारीत कोन कोन हुतं ते आदी सांगते. मी हुते, सातवा म्हैना लागलेला. आमचे मालक हुते. माजी सासू हुती. ती माज्या बाची सख्खी भन, म्हनून मी तिला आत्तीच म्हनायची. निपानीच्या पेठेतल्या एका तंबाकूवाल्याची बायको हुती, तिला समदी आक्का म्हनायची. यात्रा काढून नेनारा हुता, त्यो अण्णा. मोटार हाकनारा तिकडचा, मारवाडचा. आनि आमच्या भागातली आनकी धा-बारा जैनाची मानसं. त्यातलं आज कोनी न्हाय, म्हनून बोलतीया.

इंग्रजाचं राज हुतं, दुसरी लडाई लागली नव्हती. माजी दोन बाळं आदी गेलती. आत्ती नवस बोलून बसलेली, तिसऱ्याच्या येळंला हिला मारवाडच्या वाळूतल्या त्या जुन्या देवळात मूर्तीम्होरं उभी करीन. झालं, निघालो. बेळगावास्नं आगगाडी, गाडी बदलत बदलत तिकडं, आनि म्होरं चार दिस मोटार. देव बघून झालता. त्यो शेवटचा दिस. सांजच्याला टेसन गाठायचं आनि घरला यायचं.

मोटार कसली, पत्र्याचा खटारा त्यो. एक म्हातारं सकाळधरनं वकत हुतं. त्येच्या वकारीवर वाळू टाकलेली, वाळूवर माश्या. अण्णा म्होरं बसून तंबाकू थुकायचा, आनि ती पिंक वाऱ्यानं मागं आमच्या लुगड्यावर यायची. मी नाकाला पदर लावून बसले.

सकाळी एका वाडीवर पान्याला थांबलतो. तिथली हीर एवढी खोल की उंटाला दोर बांधून पानी वडत्यात. आमच्यात पानी दुहेरी फडक्यानं गाळत्यात, आनि फडकं धुतलेलं पानी ज्या हिरीचं त्याच हिरीत परत सोडत्यात. त्येला जिवाणी म्हनायचं. बारके बारके जीव आपल्या घरी परत जावंत म्हनून. नेम चांगला हाय, त्येला मी नावं ठेवत न्हाय.

आत्तीनं दोन कळश्या भरल्या, एकीत गाळलेलं, एकीत जिवाणी. तवर अण्णा वरडाय लागला.

"चला चला! आत्ती, दिसभर गाळत बसलासा तर आगगाडी काय तुमच्यासाठनं थांबतीया?"

"तुज्या तोंडाला बी एक फडकं बांध रं," आत्ती म्हनली, "थुकी तरी गाळून येईल."

समदी हसली. त्या घाईत मालकांनी एक कळशी उचलली, पळत जाऊन हिरीत सोडली आनि मोटारीत चढले.

दुपारी चाकं वाळूत रुतली. मानसं उतरली, हातानं वाळू उपसाय लागली. मला तहान लागली म्हनून आत्तीनं कळशी उघडली, तर आत गढूळ पानी. वर एक मेलेला नाकतोडा, खाली किडं वळवळत्यात. मालकांनी गाळलेलं पानी हिरीत सोडून जिवाणी संगं आनलेली. मालक कपाळ धरून खाली बसले.

ज्येचं त्येचं पानी वाळू उपसताना सपलं. अण्णानं आपली शिशी कवाच रिती केलती. आक्काची घागर तेवढी निम्मी हुती. ती तिच्यावर पदर टाकून बसलेली.

आत्ती तिच्याकडं गेली. "आक्का, घोटभर द्या की. पोटुशी हाय पोर."

"तुमच्या ल्योकानं हिरीत वतलं, त्येला मी काय करू?"

"घोटभर म्हनतीया, घागर न्हाय."

"एकीला दिलं की समदी हात म्होरं करत्यात. आनि मला बी पित्त हाय."

माजी जीभ टाळूला चिकटली. पोटातलं प्वार हलंना झालं. मी आत्तीकडं बघितलं, ती माज्या पोटाकडं बघत हुती. दोघींच्या मनात एकच.

दिस टेकला. आमच्यात दिस बुडाल्यावर पानी सुदिक घेत न्हाईत. आक्का उठली, पोटभर पिली, खळखळून चूळ भरली. दिस बुडाला तशी "आता हे चालत न्हाय," म्हनली आनि उरलेली घागर वाळूत उपडी केली. सगळ्यांम्होरं. वाळूनं ते पानी लगीच पिऊन टाकलं. मी सरकत गेले, ती वली वाळू मुठीत घेऊन व्हटाला लावली. मला माजीच शिसारी आली.

मग आत्ती मोटार हाकनाऱ्याकडं गेली. त्येच्याजवळ इंजनात वताय कातड्याची पखाल हुती, तळाला थोडं पानी. त्यो बिचारा दुपारीच देत हुता, आमीच नगं म्हनलतो. आत्तीनं पदर दुहेरी करून तांब्यावर धरला आनि पखाल वाकवली.

"आत्ती, कातडं हाय ते. दिस बी बुडालाय."

"मला दिसतंय. पी."

"पाप लागंल."

"गाळतीया मी, लागलं तर मला लागंल. पी म्हनते न्हवं!"

तेलाचा, कातड्याचा, कुजका वास. तीन येळा वर आलं, तीन येळा गिळलं. थोड्या येळानं पोटात पाय लागला. मी आत्तीचा हात धरून तिथं ठेवला. मोटार वाळूतनं निघंस्तवर तिनं त्यो उचलला न्हाय.

गावात आल्यावर आक्कानं बस्तीत, म्हंजी आमच्या देवळात, सांगितलं, ह्या दोघींनी दिस बुडाल्यावर कातड्याचं पानी पिलं म्हनून. आत्तीनं थेंब बी पिला नव्हता. तरीबी बाया तिच्या शेजारनं उठून लांब बसाय लागल्या. मी म्हनलं, आत्ती, घागर उपडी केली ते तुमी बी सांगा की. ती म्हनली, "सांगून माजं तोंड कशाला इटाळू?"

ल्योक झाला, जगला. बारशाला आक्का झबलं घेऊन आली, बसली आनि पानी मागितलं. आत्तीनं गाळून, तांब्या घासून, हातात दिलं. आक्का घटाघटा पिली. मी मागल्या दारी जाऊन थुकले.

आता आत्ती न्हाय. चिकोडीच्या रस्त्याला चिंचंखाली तिच्या नावानं मी रांजण ठेवलाय. माजे गुडघे गेल्यात, रोज जानं हुत न्हाय. हे कोन वाचत असंल त्येनं, त्या वाटंनं गेलं आनि रांजण रिता दिसला, तर एक घागर वतावी. गाळून वतली तर बरंच.