मोडलेला उपास आणि एलियाहूचं रान

आई गेली आणि त्यानंतर माझी प्रार्थना सुटली. भांडून सोडली असती तर निदान देवाशी बोलणं तरी झालं असतं. तसं काहीच झालं नाही. एक दिवस राहिली, मग दुसरा दिवस राहिला, आणि महिन्याभराने लक्षात आलं की आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका ठाकर आदिवासींच्या पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शहापुरात एक खोली भाड्याने घेऊन राहायचे. पस्तिशी ओलांडलेली, लग्न नाही. बाबा आधीच गेले होते, धाकटा भाऊ बायकामुलांसह इस्राएलला जाऊन स्थायिक झाला होता आणि मुरबाडचं घर विकून झालं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून जुनी माणसं आम्हाला शनवार तेली म्हणायची. बाबांनी घाणा पाहिलाही नव्हता. त्यांचं मुरबाडच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तेही शनिवारी बंदच. शेजारचा कापडवाला दर शनिवारी तोच विनोद करायचा, की गावाची घड्याळं चालवतो आणि आठवड्यातून एक दिवस याचंच घड्याळ बंद. बाबाही दर शनिवारी तेवढंच हसायचे.

भावाने मला तिकडे येण्याचे कागद पाठवले होते. सगळे रकाने भरून झाले होते, फक्त सही राहिली होती. मला जायचं नव्हतं. पण इथं का राहायचं, याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्या माणसांपैकी कुणी उरलं नाही, मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात ते जमवायला ठाण्याला जावं लागतं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो देव तर गप्प. शेवटी मी एक व्यवहार ठरवला. आईच्या वर्षश्राद्धाला, आमच्या रीतीने जो दिवस येतो त्या दिवशी, कडक उपास धरायचा. पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी देवाने काही उत्तर दिलं तर राहायचं. नाहीतर संध्याकाळी सही करून पाकीट पोस्टात टाकायचं.

लहानपणी शनिवारी दुपारी बाबा आम्हा दोघांना पुढ्यात बसवून शास्त्रातल्या गोष्टी वाचून दाखवायचे. त्यांच्या मराठी पुस्तकात वाळवंटाला रान म्हटलेलं होतं. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले आपले लोक चाळीस वर्षं रानात फिरले, असं ते वाचायचे आणि माझ्या डोळ्यांपुढे माळशेजच्या बाजूचं रान यायचं. करवंदांच्या जाळ्या, आंबे, ओहोळ. एवढं सगळं असताना ते लोक मोशेकडे खायला नाही म्हणून रडायचे, याचा मला राग यायचा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चैत्रात बघ तुझं रान, मग बोल." बाबांनी पुस्तक मिटलं आणि हसत बसले. त्या दुपारचा वास अजून नाकात आहे. घड्याळाचं तेल, शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून आईने आदल्या दिवशीच करून ठेवलेलं नारळाच्या रसातलं कालवण आणि बाहेर तापलेली धूळ.

मला सगळ्यांत आवडायची ती एलियाहू संदेष्ट्याची गोष्ट. आमच्या लोकांत त्याचा मोठा मान. नवस बोलायचा तर त्याला, मलिदा करायचा तर त्याच्या नावाने. आई म्हणायची, तो कुठल्याही रूपात येतो, म्हणून दारातून कुणाला हाकलू नये. पण या गोष्टीतला एलियाहू मोठा वाटायचा नाही. राणीच्या भीतीने तो रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे, माझा जीव घे. बाबा इथे नेहमी थांबायचे. का, ते मला तेव्हा कळायचं नाही.

तर तो दिवस. एप्रिलचा पहिला पंधरवडा, सकाळची शाळा. मुरबाडच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये रोजच्याप्रमाणे उपकेंद्रातल्या नर्सबाई शेजारी होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती, तोंडाने फटकळ, मनाने चांगल्या. नाक्यावर त्यांनी चहा पुढे केला, मी नको म्हटलं. उपास आहे कळल्यावर त्यांनी पाण्याची बाटली काढली, तिलाही मी नको म्हटलं. मग त्या सरळ माझ्याकडे वळून बसल्या.

"बाई, तुमचा देव नि आमचा देव एकच, पण तुमच्याकडे नियम फार. आमचा प्रभूसुद्धा रानात चाळीस दिवस उपाशी होता. पण शेवटी देवदूत सेवेला आले तेव्हा त्याने त्यांना परत नाही पाठवलं. तुम्ही पाठवाल."

जीपमधले सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं.

रस्त्यावर उतरून शाळेपर्यंत तासाभराची चढण. पाड्यावरची निम्मी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली, त्यामुळे वर्गात अकरा पोरं. अकरा वाजता शाळा सुटली. कुलूप लावलं आणि परत निघाले. आमच्या तालुक्यात धरणं मोठाली, पाणी सगळं मुंबईला, आणि एप्रिलमध्ये पाड्यावर टँकर येईल तेव्हा येईल. डोंगर नुसता करडा. शेतांत पालापाचोळ्याचा राब भाजल्याचे काळे पट्टे, सागाला पान नाही, पायाखाली दगड असे तापलेले की चपलेतून कळायचं. आईचं चैत्रातलं रान ते हेच. नेहमीच्या वाटेवर सावली नव्हती, म्हणून मी कोरड्या ओहोळातून उतरायचं ठरवलं. लांबचा पल्ला, पण मधे दोन जांभळी होत्या. त्या जांभळींपर्यंत मी पोहोचलेच नाही.

आधी कानात शिट्टी वाजायला लागली. मग डोळ्यांपुढचा उजेड पांढरा झाला. उक्षीच्या एका जाळीखाली हातभर सावली होती, तिथे बसले. दप्तर बाजूला टाकलं. उठायला हवं हे कळत होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "पुरे झालं." हे कुणाचे शब्द, ते त्या वेळी आठवलं नाही.

"गो बाय, तू इथं काय करतंस?"

ओहोळाच्या वळणावर एक म्हातारी उकिडवी बसली होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, शेजारी दोन ॲल्युमिनियमचे हंडे, हातात करवंटी. पुढ्यात वाळूत उकरलेला गुडघाभर खोल खड्डा. याला झिरा म्हणतात. वाळूतून पाणी पाझरतं, करवंटीभर साठलं की उपसायचं, परत साठायची वाट बघायची. मी तिला सांगितलं की शाळेवरून आले, घरी चालले.

"साळा वर. सडक तिकडं. तू इथं काय करतंस?"

 ती उठून आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि करवंटी पुढे केली. मी म्हटलं, उपास आहे, पाणी चालत नाही. कसला उपास, तिने विचारलं. आईचा, तिला जाऊन वर्ष झालं, मी सांगितलं. म्हातारी हसली. तोंडात दोनच दात होते.

"आयस काय पोरीला उपाशी ठेवील? पी."

मी प्याले. वाळूची कचकच असलेलं, कोमट पाणी. तिने दुसऱ्यांदा भरून आणलं, तिसऱ्यांदा हंड्यातून ओतलं. मी हात आडवा धरला, कारण तो हंडा भरायला तिची अख्खी सकाळ गेली होती हे मला दिसत होतं. ती म्हणाली, झिऱ्यावर सगळ्यांची पाळी असते, तहानेल्याची नसते. मग कमरेच्या गाठोड्यातून नाचणीची भाकर काढली, निखाऱ्यावर भाजलेली, कडा करपलेली, आणि अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.

"खा. अजून वाट लांब हाय. उपाशी तुज्यानं नाय व्हायची."

भाकर खाऊन मी दप्तरावर डोकं टेकलं आणि झोपले. अर्धा तास असेल. उठले तेव्हा ती तिथेच बसून हंडा भरत होती. तिने मला आणखी पाणी पाजलं, पायवाटेपर्यंत आणून सोडलं आणि मागे न बघता झिऱ्याकडे वळली. मी नावसुद्धा विचारलं नाही.

जीपमध्ये बसल्यावर बाबांची गोष्ट पुढे आठवली. एलियाहू झुडपाखाली झोपतो. कुणीतरी त्याला हलवून उठवतं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा. ऊठ, खा, तुझी वाट लांब आहे. आणि मग पुढे डोंगरावर वादळ येतं, भूकंप होतो, आग पेटते, पण देव त्यांत नसतो. शेवटी अगदी हळू आवाज येतो आणि देव एवढंच विचारतो, तू इथं काय करतोस? दोनदा विचारतो. मग त्याला सांगतो, आता परत जा, तुझं काम बाकी आहे. जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड केलं. परतीलाही शेजारी असलेल्या नर्सबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उपास मोडला. त्या म्हणाल्या, बरं झालं, आणि अर्धी बिस्किटं माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी कागदावर सही केली नाही. भावाला पत्र लिहून घडलेलं सगळं कळवलं आणि उपास मोडल्याबद्दल काही प्रायश्चित्त असेल तर तिकडच्या जाणत्यांना विचारून कळव, असं लिहिलं. वीस दिवसांनी उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, ताई, तो उपास धरायचाच नव्हता. निसान महिन्यात आपल्यात उपास नसतो. या महिन्यात आपण मिसरातून सुटलो, आणि सुटकेच्या महिन्यात उपाशी राहायचं नाही, हे बाबा सांगायचे, तू विसरलीस. मी विसरले होते हे खरं. सांगायला कुणी उरलं नाही की माणूस आपल्याच मनाने नियम करतो, आणि बहुतेक वेळा स्वतःवरच करतो. मी तो उपास आईसाठी धरला नव्हता. देवावर रुसून धरला होता.

लोक विचारतात, म्हातारी परत दिसली का? दिसली. मे महिन्यात शहापूरच्या बाजारात करवंदं विकत होती. पलीकडच्या पाड्यावरची होती. तिने मला ओळखलं नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाली, उन्हाळ्यात कितीतरी येतात, आणि करवंदाचा वाटा घे म्हणून मागे लागली. मी दोन वाटे घेतले. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याने त्याने लावावा. मी कुणाशी वाद घालत नाही.

मला एवढंच कळलं. रानात काही उरत नाही. पीक नाही, ओळख नाही, साठवलेलं काही नाही. आमच्या लोकांना तिथे आकाशातून पडणारा मान्ना रोजचा रोज खायला मिळायचा, उद्यासाठी ठेवला तर किडायचा. नर्सबाईंच्या प्रभूला तिथे दगडाच्या भाकरी करून दाखव म्हणून डिवचलं गेलं आणि त्याने केल्या नाहीत. मिळेपर्यंत थांबला. माझ्यासारख्या हिशेबी बाईला थांबणं जमत नाही. मी देवाला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती, आणि तो माझ्या आधी सकाळपासून झिऱ्यावर पाणी भरत बसला होता.

पुढे काही वर्षांनी, मेच्या सुट्टीत, मी भावाकडे जाऊन आले. त्याचं गाव खऱ्या वाळवंटात आहे. एका दुपारी त्याने मला गावाबाहेर नेलं. चहूकडे पिवळी माती, एक झाड नाही, आवाज नाही. बाबांचं रान ते हे, असं तो म्हणाला. मला वाटलं होतं इथं काहीतरी मोठं जाणवेल. ऊन जाणवलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "राहतेस का इथं?"

मी म्हटलं, "जूनमध्ये शाळा उघडते."

 मला तहान लागली होती. पूर्वीची मी असते तर घरी जाईपर्यंत दम धरला असता. त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने बाटली दिली. पाण्यावर म्हणायचा आमचा लहानसा आशीर्वाद आहे, तो मी मोठ्याने म्हटला, भाऊ आमेन म्हणाला, आणि मी प्याले.