पायाखालची फळी

होला मारायला माणसाने झाडावर चढावं, हे मला आजही पटलेलं नाही. होला म्हणजे कबुतराच्या जातीतलं पाखरू, ते आपणहून झाडावर येऊन बसतं; आपण खाली उभं राहायचं आणि वर बघायचं. पण हे आमच्या मालकाच्या धाकट्या मुलाला कोण सांगणार? तो अमेरिकेत चार वर्षं शिकून आला होता. पदवी आणली की नाही मला ठाऊक नाही. शिकारीचा एक पट्टा मात्र आणला होता.

तो पट्टा कमरेला आणि मांड्यांना आवळायचा. त्याचा दोर झाडाच्या खोडाला बांधायचा, झाडाकडे तोंड करायचं आणि झोळीत बसल्यासारखं मागे रेलायचं. हात मोकळे, हातात बंदूक. तिकडे म्हणे लोक असे अर्धा-अर्धा दिवस हरणाची वाट बघत लटकतात. कुवेतच्या वफ्र्यात, मालकाचं शेत होतं तिथे, हरणं नव्हती. काकड्या, टोमॅटो, खजूर आणि आम्ही मजूर होतो. होले उन्हाळ्याच्या तोंडाला येत, तीन-चार आठवडे शेतांत उतरत आणि पुढे निघून जात. तेवढ्यासाठी हा अमेरिकेचा पट्टा.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी धंद्याने सुतार. कुवेतला आलो तो स्लॅबच्या शटरिंगच्या कामाला. चार वर्षं रिग्गईत एका खोलीत सहा जण राहिलो आणि दिवसभर परांचीवर उभा राहिलो. परांचीवर काम केलेल्या माणसाला एक खोड लागते. तो आधी पायाखाली काय आहे ते बघतो, मग बाकीचं जग. ते काम संपल्यावर माझा व्हिसा या मालकाच्या नावावर बदलला आणि मी त्याच्या वफ्र्याच्या शेतावर आलो. खोकी ठोकायची, ग्रीनहाऊसची दारं सरळ करायची, कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करायची. सोपं काम होतं. तिथे मी खूश होतो, हेही सांगायला हवं.

त्या वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती शाळेत असतानाच वडील गेले होते. कन्यादानाला मी आणि माझ्या बायकोने बसायचं, हे इतकं गृहीत होतं की त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. मी माघातच मालकाकडे रजा मागितली. रजेला तिथे इजाजा म्हणतात. म्हातारा मालक सभ्य माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. म्हणाला, "इजाजा मिलेगा. पहले लडके का काम खतम करो, फिर जाओ." माझा पासपोर्ट त्याच्या फिंतासच्या घरी कपाटात होता. म्हणजे मी, माझी बहीण आणि तो मुहूर्त, तिघेही त्या मुलाच्या पट्ट्याला बांधले गेलो.

त्या पट्ट्याचं एक आहे. विकणारे सांगत असतील की माणूस त्यात बसतो. बसत वगैरे काही नाही. कंबर दोरावर असते, पण निम्मा भार पायांवर येतो, आणि ते पाय टेकायला खोडावर काहीतरी लागतं. ते काहीतरी काय असावं, यात माझे दोन महिने गेले.

मुलाने तिकडून दोन प्रकार आणले होते. एक म्हणजे पाच लोखंडी पायऱ्या. त्या एका पट्ट्यात ओवून खोडाभोवती कड्यासारख्या बांधायच्या, म्हणजे एकेक पाऊल टाकत झाडाला फेरी मारता येते. दुसरं होतं अॅल्युमिनियमचं ताटाएवढं फळकूट, साखळीने खोडाला आवळायचं. वस्तू चांगल्या होत्या, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या ज्या झाडांसाठी केल्या होत्या ती झाडं वफ्र्यात नव्हती. आमच्याकडे खजुरी होत्या. खजुरीच्या अंगभर कापलेल्या झावळ्यांचे खुंट असतात. ते ताट एका खुंटावर टेकायचं आणि दुसऱ्या बाजूला डुगडुगायचं. शेताच्या कडेला वारा अडवायला लावलेली सुरूची झाडं होती, आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर असतात तीच. त्यांची साल सुटायची आणि पायऱ्यांचा पट्टा भाराखाली वीतभर खाली घसरायचा.

हे मला कळलं, कारण प्रत्येक वेळी मुलगा आधी मला वर चढवायचा. "यू फर्स्ट, रफीक," असं तो अगदी प्रेमाने म्हणायचा. रफीक म्हणजे दोस्त; तिथे आम्हा सगळ्या मजुरांना हेच नाव. माझं वजन पन्नास-पंचावन्न किलो, त्याचं माझ्या जवळजवळ दुप्पट. मी लटकून ठीक आहे म्हणायचो, तो लटकला की पाच मिनिटांत "पैर में दर्द." पायऱ्या तळव्याला टोचतात. ताटावर वळता येत नाही. मग त्याने बूट बदलले, मग झाड बदललं, मग उन्हाची बाजू बदलली. होले अजून यायचे होते म्हणून समोरच्या कुंपणावर रिकामे डबे लावून तो नेम धरायचा आणि एकही डबा पडायचा नाही. दोष पायऱ्यांचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

तो यायचा गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी संध्याकाळी "बुक्रा" म्हणून जायचा. बुक्रा म्हणजे उद्या. त्याचा उद्या पुढच्या गुरुवारी उजाडायचा. मधले पाच दिवस मी खुराड्यांना जाळ्या मारायचो आणि मुहूर्ताला किती दिवस राहिले ते बोटांवर मोजायचो. माझा जीव तिकडे गावात आणि हा माणूस झाडावर पाय कुठे ठेवावा याचा विचार करतोय. एकदा तर वाटलं, त्याला खालीच ढकलावं, शेणाच्या ढिगावर, म्हणजे लागणारही नाही आणि हौसही फिटेल.

शेवटी मी ठरवलं की ही फळी आता आपणच करायची.

शेतावर आमचा स्वयंपाक करायला रत्नागिरीकडचे एक चाचा होते. वीस वर्षं कुवेतात काढलेला माणूस, मालकाच्या घरातल्या सगळ्यांची नस ओळखून होता. दुपारी जेवताना मी त्यांना माझा बेत सांगितला. ते माशाचा काटा काढत म्हणाले, "कर. पण ऐक माझं. चालेल इतकंच कर, फार चांगलं करू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे तो एक महिना वापरेल आणि फेकून देईल असं. तुला लग्नाला जायचंय ना? या लोकांना एखादी गोष्ट आवडली की ते ती करणाऱ्यालाही ठेवून घेतात."

मी हो म्हटलं. खरंच, मनापासून म्हटलं. पण लाकूड हातात घेतलं आणि घोटाळा झाला.

जुन्या शटरिंगची जाड प्लायची फळी होती. तिच्या एका कडेला मी खोडाच्या मापाची खाच काढली आणि खाचेच्या दोन्ही ओठांवर खाली लाकडी दात ठोकले. फळीच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांतून दोर वर नेऊन खोडाभोवती आवळला, ट्रकवर माल बांधायच्या पट्ट्याने. भार जितका वाढेल तितके दात खोडात रुततात. खजुरीच्या खुंटांसाठी वेगळ्या पाचरी केल्या. इथपर्यंत चालेल इतकंच होतं. मग मी स्वतः त्या पट्ट्यात लटकलो, सकाळी तासभर, कुणी न सांगता. आणि मला कळलं की एवढे दिवस पाय का दुखत होते. माणूस मागे रेललेला असतो, त्याचे पाय तिरपे असतात, आणि फळी मात्र सपाट. म्हणून तिची कड तळव्याला कापते. परांचीवर आम्ही स्लॅबच्या कडेला पट्टा बांधून असेच बाहेर झुकायचो, तेव्हा जुना मिस्त्री फळीची बाहेरची कड बोटभर खाली ठेवायचा. मी खाली उतरलो, दोर बोटभर सैल केला. वर जाऊन परत लटकलो. पोटऱ्या शांत.

इथे थांबायला हवं होतं. चाचांचं ऐकायला हवं होतं. पण मी दोन्ही बाजूंना छोटे पंख बसवले, म्हणजे शिकाऱ्याला खोडाच्या डावी-उजवीकडे वळता येईल. वरून जुन्या टायरचं रबर ठोकलं, म्हणजे बूट घसरणार नाहीत आणि आवाजही होणार नाही. कडा कानशीने घासल्या. तांदळाच्या दोन गोणी बांधून रात्रभर वर ठेवल्या. सकाळी फळी केसभरही हलली नव्हती. चाचा खाली उभे राहून बघत होते. मान हलवून चुलीकडे गेले.

गुरुवारी मुलगा चढला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. तो उतरेचना. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. त्या दिवशी कुंपणावरचे तीन डबे पडले. खाली येऊन त्याने मला मिठी मारली. माझं काम संपलं, आता पासपोर्ट, आता विमान, असं मला वाटलं. मुहूर्ताला तेव्हा सव्वीस दिवस होते.

पुढच्या गुरुवारी तो सहा मित्र घेऊन आला. सगळे आळीपाळीने लटकले. प्रत्येकाची वफ्र्यातच शेतं, प्रत्येकाला स्वतःच्या झाडावर तश्शीच फळी हवी होती, आणि ती होले यायच्या आत.

मी मालकाकडे गेलो. लग्नाची तारीख सांगितली, पत्रिका दाखवली. म्हटलं, मी माप कागदावर काढून देतो, शुवेखच्या कारखान्यात कुणीही करून देईल. म्हातारा मुलाकडे बघायला लागला. मुलगा हसून म्हणाला, "नहीं रफीक. तुम्हारा हाथ." जणू मोठा मान देतोय. मी म्हटलं, माझी बहीण आहे, बाप नाही, मलाच बसायचं आहे. म्हातारा खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "चिडिया आएगा, तीन हफ्ते में चला जाएगा. शादी तो हो जाएगी. मौसम के बाद एक महिना एक्स्ट्रा इजाजा." मुलाने गाडीतून अत्तराची एक बाटली आणून दिली, नवरीसाठी. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं मला. आणि मी ती बाटली घेतली, थँक्यू म्हटलं. याचा राग मला त्यांच्यावर आहे त्याहून स्वतःवर जास्त आहे.

पुढच्या फळ्या मी मुद्दाम वाईट करायचा प्रयत्न केला. सांगायला लाज वाटते, पण जमलं नाही. पंख लावू नयेत असं ठरवायचो आणि दुपारपर्यंत लावून मोकळा व्हायचो. एकदा बाहेरची कड सपाट ठेवली. शेतमालक वर चढला, त्याचे पाय थरथरताना खालून दिसायला लागले आणि मीच ओरडलो, "उतरो, उतरो, गलती है." बोटभर खाली घेऊन दिली. कुणाच्या पायाखाली चुकीची फळी ठेवून मला उभं राहता येत नाही.

लग्नाचा मुहूर्त तिकडे साडेदहाचा होता, म्हणजे कुवेतात आठ. मी चौथ्या शेतावर होतो, सुरूच्या झाडावर पट्ट्यात लटकलेला, फळी तपासत. घड्याळ बघितलं. कन्यादानाला चुलतभाऊ आणि त्याची बायको बसणार होते. माझी बायको एकटी बसू शकत नव्हती, ती मागे उभी असणार. डोकं खोडाला टेकवलं आणि रडलो. खाली त्या शेताचा बंगाली माळी पाणी देत होता. त्याने वर बघितलं आणि पाइप घेऊन दुसऱ्या वाफ्यात गेला.

दोन दिवसांनी बकाल्यातून, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानातून, कार्ड घालून गावाला फोन लावला. शेजारच्यांनी आईला बोलावून आणलं.

"तुका रजा नाय गावली?" तिने विचारलं.

"नाय, आये."

"असा काय काम होता रे ता? लोक विचारतत, तेंका काय सांगू?"

खरं काय ते सांगायचं, तर मालकाच्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना होले मारताना पाय दुखू नयेत म्हणून मी फळ्या करत होतो. हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. चिडायला मी तयार होतो, पण आईला हे काम सांगायला नाही.

"इमारतीचा काम असा, आये," मी म्हटलं. "मोठी इमारत. मदीच सोडूक येणा नाय."

"मगे बरोबर," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

होले गेले. म्हाताऱ्याने शब्द पाळला; आठवड्याच्या आत पासपोर्ट हातात ठेवला, वर एक महिन्याची जास्तीची रजा. ज्येष्ठात मी गावी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या सासरी गेलो. त्यांनी मला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. घरातली माणसं दारात येऊन बघून जात होती. बहिणीने घावन आणि चटणी आणली. ती लाल बांगड्यांत फार मोठी दिसत होती. माझ्याकडे बघून हसली.

तिचे सासरे समोर बसले. "सुनेन आमका सगळा सांगल्यान," ते म्हणाले. "एवढा मोठा काम हातात असताना माणूस कसो येतलो? किती माळ्याची ती बिल्डिंग?"

बहीण तवा उतरवायचा सोडून दारात थांबली होती.

"बारा," मी म्हटलं.

तिने सासऱ्यांकडे बघितलं, आणि माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं.